शिकारपुरी पर्पल

६ मे, मंगळवार

शिकारपूर! म्हणे शिकारपूर!

प्रेसमधून आज नवीन मेनूकार्डं आली. गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरचंच कार्ड उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच पानावर, सोनेरी महिरपीत, माझं जांभळाचं ड्रिंक. नाव काय, तर ‘शिकारपुरी पर्पल’. खाली गोष्ट. आमचे मालक नानिकशेठ, त्यांच्या आजोबांनी फाळणीच्या वेळी सिंधमधल्या शिकारपूरहून येताना ही गुप्त कृती सोबत आणली. कल्याण कॅम्पच्या, म्हणजे आताच्या उल्हासनगरच्या, बराकीत ती पहिल्यांदा बनली. तीन पिढ्या घराबाहेर गेली नाही. आणि शेवटची ओळ तर कळसच — ‘वोडकात मुरवल्याशिवाय ही चव येतच नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.’

तीन पिढ्या! अजून महिना झाला नाही त्या ड्रिंकला!

बराकीत प्यायच्या पाण्याला रांगा होत्या, हे शेठनेच मला सांगितलंय. तिथे वोडका कुठून आली? आणि लगेच दोनेक वर्षांत सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी. मग काय आजोबा जांभळं कशात मुरवत होते, रॉकेलात?

खरा इतिहास मी इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कोण लिहिणार.

आमच्या हॉटेलच्या बारमध्ये कॉलेजची पोरं येतात आणि ते बीचवालं कॉकटेल मागतात. पीच, क्रॅनबेरी, संत्रं, वोडका. त्याचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही, आई कधी वही चाळेल सांगता येत नाही. (त्याचा जन्म कुठे झाला यावर नेटवर चार जण भांडतात. म्हणजे ही चोरी जगभर चालते!) एप्रिलमध्ये आमचा क्रॅनबेरीचा रस संपला, सप्लायर फोन उचलेना. काउंटरवर माझ्यासोबत कमलेश असतो, बदलापूर गावातला. त्याच्या तुळशी आत्याची जांभळाची झाडं आहेत. तो डब्यातून जांभळं घेऊन आला होता. म्हटलं, बघू या.

आधी मिक्सरला लावली. बिया फुटल्या, कडू जहर. मग हाताने कुस्करली, तर जीभ अशी बसली की बोलता येईना. साखरेचा पाक घातला, तर खोकल्याचं औषध झालं! कमलेश हसून हसून खाली बसला. मग एकदम डोक्यात आलं — घरी आपण काय करतो? जांभळं डब्यात घालायची, वर मीठ, झाकण लावून खुळखुळवायची. साल तडकते, तुरटपणा उतरतो. बदलापुरात शेंबडं पोरसुद्धा करतं हे. मी अख्खी जांभळं शेकरमध्ये घातली, मीठ घातलं, बर्फ नाही, काही नाही, आणि खुळखुळवली. मग चाळणीवर हाताने गर काढला. काळं मीठ, भाजलेलं जिरं, लिंबू. वर उभी चिरलेली हिरवी मिरची. वोडका सगळ्यात शेवटी, ग्लासात, बर्फावर. वोडका बिचारी मध्ये बोलत नाही, फळाला बोलू देते. लिंबू पडलं की काळपट रंग असा गुलाबी-जांभळा होतो की बघत राहावं.

गराचा पहिला कॅन उन्हाळ्याने फसफसला, मोरीत ओतावा लागला. मग मी मीठ वाढवलं. त्यानंतर एकही कॅन बिघडला नाही. हीसुद्धा माझीच अक्कल. शेठच्या आजोबांची नाही!

आणि मी ते अजून प्यायलेली नाही. जिभेवर ठेवते, थुंकते, चूळ भरते. दोन वर्षं याच पद्धतीने काम करते. घशाखाली एक थेंब नाही.


७ मे, बुधवार

विचारलं. सरळ केबिनमध्ये जाऊन विचारलं.

शेठ हसले. “अरे बेटा, कहानी बिकती है. जांभूल का शरबत कौन पिएगा? शिकारपूर पिएगा.”

म्हटलं, शेठ, पण ते मी केलंय.

“हां तो? मालूम है मुझे. दिल में मालूम है.”

दिलात! कार्डावर नाही, दिलात!

मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, “तेरा नाम डालूं? बोल. अगली छपाई में डालता हूं, ‘स्वप्नाली की जांभूल’. पर तेरे पप्पा को चलेगा?”

मी तशीच बाहेर आले. त्यांना माहीत आहे ना दुखरी जागा कुठे आहे. घरी मी सांगितलंय की मी रिसेप्शनला बसते. पप्पा विहाराचे चिटणीस. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी बाटली सोडली, ती कायमची. पप्पांनी आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं नोकरी, दर दसऱ्याला मशीनपूजेनंतर लोक ढोसायचे आणि पप्पा सायकल काढून घरी. त्या माणसाला काय सांगू, तुमची मुलगी पेग मोजते म्हणून?

शेठ वाईट माणूस नाही, हेच तर जास्त टोचतं. मला दिवसपाळी त्यांनीच दिली. कोणी गिऱ्हाईक जास्त बोललं तर स्वतः उठून त्याला दार दाखवतात. आणि त्यांचे आजोबा खरेच बराकीबराकीतून डोक्यावर टोपली घेऊन पापड विकायचे. मला सांगताना शेठचे डोळे भरले होते. मग ते लिहा ना! पापड काय कमी आहे? खऱ्या म्हाताऱ्याच्या हातात खोटा ग्लास कशाला देता?


८ मे, गुरुवार

आज ‘शिकारपुरी’ एवढे गेले की माझे हात कोपरापर्यंत जांभळे. एका गिऱ्हाइकाने मलाच समजावून सांगितलं, “मॅडम, ये रेसिपी पार्टिशन के टाइम की है.” मी म्हटलं, “अच्छा?” दुसरं काय म्हणणार!


९ मे, शुक्रवार

रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “सोमवारी पौर्णिमा. या वर्षी सरबत आपल्या घराकडून. दरवेळी ते ऑरेंज पावडरचं पाणी, पोरंसुद्धा पीत नाहीत. तुमच्या हॉटेलात कसलं जांभळाचं सरबत मिळतं म्हणत होतीस ना?”

म्हटलं होतं, बोलता बोलता. आईने माझ्याकडे पाहिलं. आईला माहीत आहे मी काय काम करते. तिने पहिल्या आठवड्यातच माझ्या ओढणीचा वास घेऊन ओळखलं होतं. म्हणाली होती, “पिऊ नको, आणि त्यांना सांगू नको.” बस्स, एवढंच.

मी पप्पांना म्हटलं, करते.

आणि मला आनंद झाला! खरंच झाला. कार्डावर नाही तर नाही, पण माझ्या माणसांना मी माझ्या हातचं पाजणार. तेही जसं मुळात होतं तसं. वोडका तर नंतर ग्लासात पडते. त्याआधी ते सरबतच आहे.


११ मे, रविवार

शेठना विचारून गराचा एक कॅन घेतला. घरी एवढी जांभळं कुस्करायला भांडीही नाहीत आणि वेळही नाही. शेठ म्हणाले, “ले जा, ले जा, भगवान का काम है.” पैशाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. बघा, म्हणून म्हणते, वाईट नाही.

कमलेशने कॅन रिक्षात ठेवून दिला. बदलापूरला, बेलवलीतल्या घरापर्यंत मांडीशी धरून आणला.


१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

काय दिवस गेला!

मोठ्या पातेल्यात गर, त्यात माठाचं पाणी, बर्फाची लादी, लिंबं. प्रत्येक ग्लासात मिरचीची एक उभी चीर, मी स्वतः टाकत होते. लोक परत परत येत होते. मोतीबाई काकू — पप्पांच्या मागे सतत चुका काढणाऱ्या, त्यांना चिटणीसपद स्वतःच्या मुलाला हवं होतं — त्यासुद्धा नातवाला, अनीशला, घेऊन दोनदा आल्या. “काय गं घातलंयस यात? जिभेवरनं जातच नाही चव.”

पप्पा सफेद शर्टात पातेल्याशेजारी उभे. प्रत्येकाला सांगत होते, “आमच्या स्वप्नालीने केलंय. तिची स्वतःची रेसिपी.”

स्वतःची रेसिपी! जगात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने म्हटलं.

शेवटी मीही एक ग्लास भरून घेतला आणि गटागटा प्यायले. थुंकायचं नाही, चूळ नाही! आपण केलेली चीज अख्खी गिळायला मिळाली. मस्त झालंय. उगाच नाही म्हणत.


१५ मे, गुरुवार

आज हॉटेलात अनुया म्हणून एक मुलगी आली होती, अंबरनाथची. खाण्यापिण्याचे रील करते. शेठ नवा शर्ट घालून आले. कॅमेऱ्यासमोर आजोबा, शिकारपूर, बराक, सगळं पुन्हा. डोळेसुद्धा पुसले! माझे फक्त हात घेतले — शेकर हलवताना, मिरची चिरताना. चेहरा नको, मीच म्हटलं होतं.

मग अनुयाने कार्ड वाचलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “सो गाइज, बिना वोडका ये बनता ही नहीं!”

मी मागून ओरडणार होते, बनता है! माझ्या विहारात शंभर माणसं प्यायली! पण ओरडले नाही. काउंटर पुसत राहिले.


१६ मे, शुक्रवार

झालं. व्हायचं ते झालं.

रील मोतीबाई काकूंच्या मुलाने पाहिलं. तोच रंग, तीच मिरची, उल्हासनगरचं तेच हॉटेल. काकूंनी दुपारपर्यंत अख्ख्या बेलवलीत फिरवलं. संध्याकाळी दारात उभ्या.

“शंकरभाऊ, तुमच्या पोरीने पौर्णिमेला लेकराबाळांना दारू पाजली! कार्डावर लिवलंय — दारूशिवाय बनतच नाही!”

पप्पा शांतपणे म्हणाले, “मोतीबाई, ती रिसेप्शनला असते. तिचा दारूशी काडीचा संबंध नाही.”

माझ्याच खोट्याने पप्पा माझी बाजू लढवत होते. मी स्वयंपाकघरात, हातात पोळपाट. आईने माझा दंड घट्ट धरून ठेवलेला.

आता सगळ्यांना आठवायला लागलंय! कोणाला त्या दुपारी गरगरलं होतं. कोणाचं डोकं जड. अनीश म्हणे घरी जाऊन भलताच गाढ झोपला. अहो, मे महिन्याच्या उन्हात मांडवात उभं राहिलं की गरगरणारच! सकाळपासून नाचलेलं पोर झोपणारच! एका म्हाताऱ्या काकांनी तर सांगितलं, घरी जाताना रस्ता वाकडा दिसत होता. बेलवलीचा तो रस्ता सरळ कधी होता?

हसू येतंय आणि रडूही येतंय. रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक. पप्पांना उत्तर द्यायला बोलावलंय. चिटणीस पप्पा आहेत, त्यामुळे बैठकीचा निरोप सगळ्यांना पप्पांनाच द्यावा लागला. स्वतःच्या चौकशीचा निरोप, घरोघरी जाऊन!


१७ मे, शनिवार

शेठना हात जोडले. म्हटलं, त्या कार्डावरची शेवटची ओळ खोडा. निदान एका कागदावर लिहून द्या की गर आधी बनतो, वोडका नंतर पडते, आणि कृती कालपरवाची आहे. माझ्या पप्पांची अब्रू पणाला लागलीय.

शेठ म्हणाले, “बेटा, रील देखा तूने? पूरा कल्याण-अंबरनाथ देख रहा है. अभी मैं बोलूं दादाजी झूठ है? मेरे घर में मेरी मां जिंदा है. उसने भी देखा. रो रही थी खुशी से.”

म्हणजे आता त्यांच्या आईलाही ते खरं वाटायला लागलंय! सासरा पापड विकायचा हे तिने डोळ्यांनी पाहिलंय ना?

“दो हफ्ते रुक, सब भूल जाएंगे.”

विसरतील, तुमच्याकडची गिऱ्हाइकं विसरतील. आमच्याकडे नाही विसरत कोणी. आमच्याकडे ‘शंकरच्या घरी दारू’ हे माझ्या लग्नात निघेल, माझ्या पोरांच्या बारशाला निघेल.

असा संताप आलाय! एक माणूस ड्रिंक विकलं जावं म्हणून एक ओळ लिहितो, झोकात, मजेत. आणि ती ओळ शेकडो घरं ओलांडून येऊन माझ्या बापाच्या छातीवर बसते. त्याला काही नाही त्याचं! वर म्हणतो, दिल में मालूम है.

कमलेश म्हणाला, “मी येव काय मीटिंगला? सांगतो ना, आत्याच्या झाडाची जांभला हायती, शिकारपूर बिकारपूर काय नाय.” म्हटलं, नको रे. बारमध्ये काम करणाऱ्याची साक्ष तिथे कोण धरणार.

आणि मग लक्षात आलं, मीही तीच आहे.


१८ मे, रविवार

सगळं लिहिते. क्रमाने लिहिते.

वंदना झाली. पंचशील म्हटलं. पाचव्या, दारू वर्ज्य करणाऱ्या शीलाला मोतीबाई काकूंचा आवाज मुद्दाम चढला आणि लोकांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांचे डोळे मिटलेले.

मग बैठक. काकूंच्या मुलाने मोबाइलवर रील लावून सगळ्यांसमोर धरला. कार्डावरची ओळ दोनदा वाचली. पप्पा उभे राहिले आणि तेच म्हणाले — माझी मुलगी रिसेप्शनला आहे, तिने फक्त हॉटेलातून तयार गर आणला, त्यात दारू नव्हती.

तर काकूंचा मुलगा म्हणाला, “काका, हेच तर विचारतोय. ती रिसेप्शनवर बसते. मग बारवाल्यांनी कॅनमध्ये काय घातलं होतं, तिला काय माहीत?”

एवढी वर्षं प्रत्येक बैठकीत सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस. पप्पा शर्टाचं बटण चाचपत होते.

मी उठले. आईने या वेळी धरलं नाही.

म्हटलं, मला माहीत आहे. कारण ते मी बनवते. मी रिसेप्शनला नाही. मी त्या हॉटेलात दोन वर्षं बारच्या काउंटरवर आहे. दारूचे ग्लास मी भरते. पप्पांना माहीत नव्हतं, मी खोटं सांगितलं. मी आजवर प्यायलेली नाही. ते ड्रिंक शेठच्या आजोबांचं नाही, माझं आहे. एप्रिलमध्ये केलं, याच बदलापूरच्या जांभळांचं. मीठ घालून खुळखुळवून, जसं तुम्ही सगळे करता. त्यात वोडका शेवटी पडते, ग्लासात. ज्या कॅनमधून सरबत झालं त्यातला गर मी माझ्या हाताने चाळलाय. त्यात दारूचा थेंब नव्हता. मी इथे उभी राहून सांगते, थेंब नव्हता!

मग तिथेच सतरंजीवर मांडी घातली.

मी पिशवीतून जांभळं काढली. पहाटेच कमलेशच्या आत्याकडून आणली होती. स्टीलचा डबा, मीठ. तिथेच सगळ्यांसमोर खुळखुळवली, चाळली, लिंबू पिळलं. रंग पालटला तशी पोरं पुढे सरकली. पहिला ग्लास कोण घेणार? सगळे एकमेकांकडे बघतायत.

पप्पा आले. माझ्याकडे पाहिलंच नाही. ग्लास घेतला, अख्खा प्यायले, रिकामा करून पालथा धरला. म्हणाले, “हीच चव. पौर्णिमेला हेच होतं.”

मग बाकीच्यांनी घेतला. शेवटी मोतीबाई काकूंनीही, तोंड वाकडं करून. म्हणाल्या, “तेच आहे.”

विषय मिटला असं अध्यक्षांनी सांगितलं. घरी येताना पप्पा पुढे, मी आणि आई मागे.


१९ मे, सोमवार

पप्पा बोलत नाहीत. पाणी दिलं तर घेतात. चहा ठेवला तर पितात. माझ्याकडे बघत नाहीत.

मी कोणाचा राग करू आता? शेठचा करते. त्याचाच आहे!


२१ मे, बुधवार

नोकरी सोडते असं शेठना सांगितलं. वर हेही सांगितलं की विहारात शंभर माणसांसमोर मी खरं बोलून आले, तुम्हाला एका ओळीचं खरं झेपत नाही.

वाटलं, ओरडतील. त्यांनी पाणी मागवलं. मग मराठीत म्हणाले, मोडक्यातोडक्या: “माझा दादाजी पापड विकत होता. मला शरम वाटते काय त्याची? नाही वाटत. मग मी का लिहिला असा?” उत्तर मी कशाला देऊ.

“नवीन कार्ड करतो. तू सांग काय लिहायचं.”

मी सांगितलं. एका दमात. त्यांनी टिपून घेतलं. ‘वोडकाशिवायही बनतं, मागून बघा’ — ही ओळ मी मुद्दाम टाकायला लावली. मग मीही नोकरी सोडायचं मागे घेतलं.


२२ मे, गुरुवार

पप्पा बोलले.

मी भांडी घासत होते. मागे येऊन उभे राहिले. “नोकरी तुझी आहे. तू सज्ञान आहेस. मला पटणार नाही, कधीच पटणार नाही. पण खोटं बोललीस ते जास्त लागलं.”

मी नळ बंद केला.

“दोन वर्षं मी लोकांना छाती काढून सांगत होतो, रिसेप्शनला आहे, रिसेप्शनला आहे. त्या दिवशी तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. पण सरबताचं तू खरं बोललीस. तेवढं एक खरं होतं, म्हणून मी आज लोकांत मान वर करून फिरतो. माझ्या बापाने जे सोडलं ते माझ्या घशाखाली गेलं नाही. बाकी मी गिळीन.”

मी खूप रडले. आईही. पप्पा म्हणाले, “बस आता. आणि ते जांभळाचं परत कर रविवारी, लोक विचारतायत.”


२३ मे, शुक्रवार

नवीन कार्डं आली! ‘स्वप्नालीचं जांभूळ. जन्म — उल्हासनगर, याच काउंटरवर. फळ — बदलापूरचं.’ खाली माझी वोडकाशिवायची ओळ. शिकारपूर गेलं. शेवटच्या पानावर शेठने आजोबांची पापडाची गोष्टही टाकलीय, टोपलीसकट. ती छान झालीय.

एक कार्ड पप्पांना दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग शोकेसमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं. बारचं कार्ड, आमच्या घरात!

जिंकले. लिहायला काय हरकत आहे? जिंकले मी.


२४ मे, शनिवार

कमलेश उद्यापासून सुट्टीवर, भावाची हळद आहे. निघताना कॅन दाखवून म्हणाला, “स्वप्ना, मी नाय तर याच्यान रोज बाटल्यांचे तल टाकायला इसरू नको.”

कसले तळ?

“वोडकाचे गो. बाटलीत उरते ती. मीठान काय व्हतंय, तो पयला कॅन फसफसला ना, तवापासून मी टाकताय. पर्त्येक कॅनान. म्हनून तर टिकतो रस. तुला म्हाईत नव्हता?”

पौर्णिमेच्या कॅनमध्ये पण?

“त्याच्यान जरा जास्तीच टाकली. उन्हाचा टायमाला लांब न्यायचा होता ना.”

घरी आले तर पप्पा उद्याच्या वंदनेचा सफेद शर्ट इस्त्री करत होते. रविवारची जांभळं आणलीस का, विचारलं. मी हो म्हटलं.

पौर्णिमेला त्यांनी दोन ग्लास घेतले होते. दोन्ही मी माझ्या हाताने दिले.